चंद्रवाली उतराण

मित्रांनो, चंद्रावर यान उतरलं त्यात माझाही हात आहे. हसू नका. म्हणजे मला हात नाहीत, दोन दांडे आहेत आणि मधे एक पोट आहे. पण थोडा धीर धरा, सगळं सांगते. मी एक जुनी फिरकी आहे. पतंगाचा दोरा जिच्यावर गुंडाळतात ना, ती. मराठीत लोक फिरकी घेतात, गुजरातीत फिरकी पकडतात. मी पडले बडोद्याची, त्यामुळे माझ्या नशिबात दोन्ही आलं, आणि एकदा तर एकाच संध्याकाळी.

माझा जन्म मांडवीजवळच्या एका कातारीच्या दुकानात झाला. कातारी हुशार होता, पण बोलका. लाकूड फिरत असायचं आणि त्याचं तोंडही. माझा डावा दांडा करताना तो कुणाला तरी क्रिकेटची मॅच सांगत होता, म्हणून तो दांडा जाड राहिला. तेव्हापासून मी फिरताना खडखड करते. मला ते बोलणंच वाटतं.

मग मला दोरा मिळाला. बडोद्यात दोरा रंगवत नाहीत हं, पाजतात. रस्त्याच्या कडेला खांबापासून खांबापर्यंत दोरा ताणायचा आणि त्याला खळ, रंग आणि काचेची पूड पाजायची. माझा दोरा गुलाबी. पिऊन तर्र झालेला तो दोरा माझ्या पोटावर चढला आणि मला पद्माकररावांनी विकत घेतलं. ते तेव्हा रिफायनरीत नवीनच लागले होते आणि नागरवाड्यात राहत होते.

मित्रांनो, ते दिवस काय सांगू! संक्रांतीला पद्माकरराव पहाटेच गच्चीवर जायचे. तोंडात तिळाची चिक्की, डोळ्याला काळा चष्मा, बोटांना चिकटपट्ट्या. समोरच्या गच्चीवरचा पतंग कापला की "लपेट!" म्हणून अशी आरोळी ठोकायचे की खाली गायी उठून उभ्या राहायच्या. सगळं आकाश आपल्या बापाचं असल्यासारखं वागायचा तो माणूस. आणि मला कोण पकडायचं? त्यांची लेक, आभा. तिला मला दोन्ही हातांत धरून उभं राहता यायला लागलं, तेव्हापासून ते काम तिचंच.

फिरकी पकडणाऱ्याला काही मान नसतो बरं का. पतंग कापला तर उडवणाऱ्याचं नाव होतं आणि दोरा गुंतला तर फिरकीवाल्याला बोलणी बसतात. पण फिरकी पकडणाऱ्याची मान सारखी वर असते. आभाची तर वरच अडकली.

"बाबा, दोरा संपला तर?" ती विचारायची.

"अजून जोडायचा."

"आणि तोही संपला तर?"

समोरचा पिवळा पतंग पेचात आलेला, आणि ही मागून डोकं खाते! पद्माकरराव वैतागून म्हणाले, "मग तूच वर जा आणि बघ!"

पोरीने ते फारच मनावर घेतलं.

पुढे हे लोक समा भागातल्या एका सोसायटीत राहायला आले. ए विंग, सगळ्यात वरचा मजला, वर मोकळी टेरेस. माझी चंगळ होती. पण एका संक्रांतीला घात झाला. सोसायटीने टेरेसवर नवीकोरी सोलर पॅनल बसवली होती. पद्माकरराव पेच लढवत मागे मागे सरकत होते. पेच जिंकले, "लपेट!" म्हणून ओरडले आणि आनंदाच्या भरात जे बसले ते थेट पॅनलवर. पॅनलला तडा गेला. पद्माकररावांनाही थोडा गेला. सोसायटीच्या सेक्रेटरी नयनाबेन. बाई प्रेमळ, पण नियमाच्या पक्क्या. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: टेरेसवर पतंग बंद.

पद्माकरराव नयनाबेनशी बोलेनासे झाले आणि मी माळ्यावर गेले. एका बाजूला बिघडलेला मिक्सर, दुसऱ्या बाजूला गणपतीच्या मखराचे तुकडे. मिक्सर दिवसभर आपल्या मोटरच्या आठवणी सांगायचा. त्या अंधारात माझा गुलाबी दोरा फिका पडत गेला. पण माळा होता पॅसेजवर, त्यामुळे घरातलं सगळं ऐकू यायचं. आणि घरात, मित्रांनो, महायुद्ध चालू होतं.

आभाने काय केलं, तर वडिलांनी शब्द टाकून ठेवलेली कारखान्यातली नोकरी नाकारली आणि गेली अहमदाबादला, अंतराळ केंद्रात. तिथे ती एका कॅमेऱ्यावर काम करत होती. यान चंद्रावर उतरताना तो कॅमेरा खाली बघणार, खड्डे आणि दगड कुठे आहेत ते हेरणार आणि यानाला सांगणार, इथे नको, जरा पलीकडे उतर.

हे ऐकून पद्माकरराव पेटलेच. "चंद्रावरचे खड्डे बघायला कॅमेरा! आणि आपल्या गेटसमोरचा खड्डा? त्यात गेल्या पावसात विश्वामित्री नदीतली मगर येऊन बसली होती, ती कोणाला दिसली? दूधवाल्याला! स्कूटरसकट!"

त्यांच्या बायकोचं नाव नीराताई. त्या शांतपणे भाजी निवडत म्हणायच्या, "अहो, दोन्ही करता येतं की."

"पैसा कुठून येतो मग? खाली नळाला पाणी नाही आणि हे चालले वर पाणी शोधायला. काय मिळणार आहे तिथून? काय येणार आहे घरात?"

"तुम्ही एवढी वर्षं पतंग उडवलेत. कुठला पतंग खाली येताना मेथीची जुडी घेऊन आला?"

माळ्यावर मी एवढी हसले की माझा जाड दांडा मिक्सरवर आपटला.

"ते वेगळं," पद्माकरराव म्हणाले.

"आणि मागे वादळ येणार होतं तेव्हा रिफायनरीने तुम्हाला आधीच घरी पाठवलं. वादळ येतंय हे कुणी सांगितलं? वर फिरणाऱ्या उपग्रहानेच ना?"

"माझा गुडघा आदल्या दिवसापासून दुखत होता!"

"मग गुडघाच सोडा वर."

असं रोज चालायचं आणि मला मजा वाटायची. पण एका रविवारी मजा संपली. आभाचा फोन आला होता, स्पीकरवर. ती म्हणाली, "बाबा, या आठवड्यात उतरायचंय. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही नुसतं बघा. बघून झालं की काय बोलायचं ते बोला, पैसा फुकट गेला म्हणा, मी ऐकून घेईन. पण बघा."

"मी नाही बघणार," पद्माकरराव म्हणाले. "आणि आजपासून या घरात माझ्यासमोर कोणी चंद्राचं नाव काढायचं नाही."

तिकडून आभा एवढंच म्हणाली, "बरं."

मित्रांनो, मी त्या मुलीच्या हातात वाढले आहे. "बाबा, अजून दोरा सोडू?" असं गच्ची दणाणून विचारणारी ती मुलगी. तिचं एवढंसं "बरं" मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर पद्माकररावांनी पेपर वाचणं सोडलं, टीव्हीवर फक्त भजनं लावली. चंद्रकोर दिसते म्हणून संध्याकाळी खिडकीचा पडदा ओढायला लागले. माणूस हट्टाला पेटला की त्याचं डोकं किती बारीक चालतं बघा!

आणि मग तो दिवस उजाडला. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर नयनाबेनचा मेसेज आला, गुजरातीत: "आजे सांजे टेरेस पर उतराण छे. बधाए आववुं." खाली आणखी चार ओळी होत्या.

आता इथे जरा भाषेची गंमत आहे. गुजरातीत संक्रांतीच्या पतंगबाजीला उतराण म्हणतात. आणि वरून खाली उतरण्यालाही उतराणच म्हणतात. विमानाची उतराण, यानाची उतराण. नयनाबेनना म्हणायचं होतं की आज यान चंद्रावर उतरतंय, सगळ्यांनी मिळून मोठ्या पडद्यावर बघू. पण पद्माकररावांनी पहिली ओळ वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला. पुढचं वाचायला त्यांना वेळच कुठे होता?

"झुकली! नीरा, बाई शेवटी झुकली!" ते नाचतच आत आले. "संक्रांतीला पतंग बंद केले त्याची भरपाई करतायत. संध्याकाळी उतराण आहे टेरेसवर! ऑगस्टात! अगं, दिल्लीला पंधरा ऑगस्टलाच उडवतात. वाचलास का मेसेज?"

नीराताईंनी पूर्ण मेसेज वाचला होता. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. या घरात चंद्राचं नाव काढायचं नाही हा नियम पद्माकररावांचाच होता ना? मग नीराताई म्हणाल्या, "वाचला की. जा तुम्ही वर. मी चिवडा घेऊन येते मागून."

याला म्हणतात फिरकी घेणं!

स्टूल सरकलं, माळ्याचं दार उघडलं आणि उजेड आला. पद्माकररावांनी माझ्यावर फुंकर मारली. धूळ त्यांच्याच नाकात गेली, ते सात-आठ वेळा शिंकले आणि म्हणाले, "काय गं, झोपलीस काय?" मी खडखडले. मिक्सरला मी टाटा केला.

त्यांनी कपाटामागून पतंगही काढला, एकुलता एक राहिलेला. चांदेदार. म्हणजे पोटावर पांढरा गोल चांद चिकटवलेला. चंद्राचं नाव न काढणारा माणूस चंद्र काखेत मारून जिना चढला!

टेरेसवर अजून कोणी नव्हतं. एका बाजूला दोन बांबूंना पांढरी चादर ताणून बांधली होती. "वा, सावलीची सोयही केली," पद्माकरराव खूश झाले. मग त्यांना दिसली वायर. समोरच्या बी विंगमधून निघून, मधली गल्ली ओलांडून ती आमच्या टेरेसवर आली होती. झालं होतं असं, की रस्ता खोदताना आमच्या विंगचं इंटरनेट बंद पडलं होतं, म्हणून पडद्यासाठी बी विंगच्या जयसिंगरावांच्या घरातून कनेक्शन ओढलं होतं. पण पद्माकररावांना याचा पत्ता नाही. उतराणीच्या दिवशी पहिलं काम कोणतं? गच्चीवरच्या वायरी आणि वाळत घालायच्या दोऱ्या काढणं. चाळीस वर्षांची सवय!

"उतराणीला वायर आडवी? अक्कल आहे का लोकांना?" असं म्हणत त्यांनी ती सोडली आणि जोर लावून ओढली. बी विंगकडचं टोक सुटून गल्लीत लोंबलं. त्यांनी सगळी वायर वर खेचली, तिची सुंदर गुंडाळी केली, वर गाठ मारली आणि टाकीखाली नीट ठेवून दिली. मग हात झटकून किन्ना बांधायला बसले. किन्ना म्हणजे पतंगाच्या छातीवरचा दोरा, ज्याच्यावर त्याचा सगळा तोल असतो.

हळूहळू लोक जमायला लागले. खुर्च्या आल्या, प्रोजेक्टर आला, मुलं पिपाण्या घेऊन आली. पद्माकररावांना वाटलं, आपल्या पेचांसाठी केवढी ही गर्दी! तेवढ्यात नयनाबेन आल्या. पद्माकररावांना बघून थबकल्या आणि त्यांचे डोळेच भरून आले.

"पद्माकरभाई, तमे आव्या! मने खबर हती, तमे आवशो ज!" आणि त्यांनी पद्माकररावांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

"एवढं काय त्यात," पद्माकरराव लाजून म्हणाले, "उतराण म्हटल्यावर मी घरी बसतो का?"

"केम बेसो? दीकरीनो दिवस छे!"

"दीकरीचा?" पद्माकररावांचा पतंगावरचा हात थांबला. "माझ्या मुलीचा काय संबंध?"

तेवढ्यात प्रोजेक्टर सुरू झाला आणि चादरीवर अक्षरं आली: कनेक्शन नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, वायर कोणे काढ्यो? यान उतरायची वेळ झाली!"

मी पद्माकररावांच्या मांडीवर होते. त्यांनी चादरीकडे बघितलं, खुर्च्यांकडे बघितलं, मग टाकीखाली आपणच केलेल्या सुंदर गुंडाळीकडे बघितलं. नीराताई चिवड्याचा डबा घेऊन जिन्याच्या दारात उभ्या होत्या. त्या आता हसत नव्हत्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "वायर तुम्ही काढलीत?"

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. लोकांनी मोबाइल काढले, पण सगळा देशच मोबाइल काढून बसलेला. प्रत्येकाच्या फोनवर एकच बातमीदार तोंड उघडून गोठलेला. केबलवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "मला डिस्टर्ब करू नका, मी चंद्र बघतोय." एका काकांनी वायरला चप्पल बांधून बी विंगकडे भिरकावली. चप्पल गेली गल्लीतल्या दाबेलीच्या गाडीवर. पद्माकरराव खुर्चीवर बसून राहिले. हार गळ्यात तसाच.

"नयनाबेन," ते म्हणाले, "मी काढली वायर. पोरीने एकच गोष्ट मागितली होती, तिला मी नाही म्हटलं. आणि आता तुम्हालाही बघू दिलं नाही."

मित्रांनो, मला बोलता येत नाही, फक्त खडखडता येतं. मी त्यांच्या मांडीवरून घसरले आणि जमिनीवर खडखडत गेले. अगदी कठड्यापर्यंत.

पद्माकरराव मला उचलायला उठले. वाकले, आणि वाकलेलेच थांबले. त्यांच्या मानेला वारा लागला होता. ऑगस्टचा भरलेला वारा, आमच्या विंगकडून बी विंगकडे जाणारा. ते ताठ उभे राहिले. आणि मला माझे जुने नागरवाड्याचे पद्माकरराव परत दिसले.

"नीरा! फिरकी पकड! जयसिंगरावांना फोन लावा, त्यांच्या टेरेसवर या म्हणावं, छत्री घेऊन!"

"छत्री कशाला?"

"पतंग पकडायला!"

चांदेदार उठला. किती वर्षांनी माझ्या पोटातून दोरा सुटला! मी आनंदाने खडखड खडखड ओरडत होते. पतंग गल्लीवरून गेला, बी विंगवर गेला. तिकडे जयसिंगराव धापा टाकत टेरेसवर आले. म्हातारे गृहस्थ, सरदार घराण्यातले. त्यामुळे घाईतही कोट घालून आले होते.

"पद्माकरराव, ढील द्या! अजून! अहो, ढील द्या महाराज!" आणि त्यांनी छत्रीच्या आकड्यात दोरा असा अडकवला की वाड्यातल्या तलवारीही लाजल्या असत्या.

आता गल्लीवर माझा दोरा ताणलेला होता. या टोकाला नीराताईंच्या हातात मी, त्या टोकाला छत्री. पद्माकररावांनी दोऱ्याला वायरचं टोक बांधलं. हाताला रुमाल गुंडाळून जयसिंगराव ओढायला लागले. वायर सरकत निघाली, मधोमध झुकली. माझा दोरा जुना, फिका पडलेला. त्याचा पीळ एका जागी उकलताना मला जाणवला. "सावकाश!" पद्माकरराव ओरडले. "झटका नको! सावकाश!"

दोरा तुटला नाही. कच्चा नव्हता तो, मांडवीचा होता.

वायर पोहोचली. जयसिंगरावांनी खाली घरात आवाज दिला, सूनबाईंनी टोक जोडलं आणि चादरीवर चित्र आलं! काळ्या पार्श्वभूमीवर यानाच्या वाटेची एक वाकडी रेघ, खाली खाली येणारी.

पण अडचण अशी झाली, की वायर नीट बांधायला वेळच नव्हता आणि ती आता माझ्याच दोऱ्याच्या आधाराने गल्लीवर लटकत होती. फिरकी सोडली की वायर खाली आणि चंद्र गायब. नीराताईंचे हात भरून आले होते. पद्माकररावांनी मला त्यांच्या हातून घेतलं. दोन्ही दांडे घट्ट धरले, मान वर केली आणि उभे राहिले.

पडद्यावर सांगत होते की यान आता अधांतरी थांबलंय. कॅमेरा खाली बघतोय, दगड कुठे, सपाट जागा कुठे.

"तो तिचा कॅमेरा," नीराताई पुटपुटल्या.

"माहीत आहे मला," पद्माकरराव म्हणाले. आणि मग त्यांना राहवेना. "थांब... थांब... इथे नको, दगड आहे... पलीकडे घे... हां. आता ढील. ढील दे. झटका नको, आभा, झटका नको!"

त्यांचं ऐकून मुलं ओरडायला लागली, "ढील! ढील!" नयनाबेन ओरडल्या, "ढील आपो!" समोरून जयसिंगराव छत्री हलवत ओरडले, "ढील!" अख्खी सोसायटी चंद्रावरच्या यानाला ढील देत होती. रेघ खाली आली, आणखी खाली आली आणि टेकली.

"लपेट!" पद्माकरराव असे ओरडले की खाली दाबेलीवाला चप्पल हातात घेऊन वर बघायला लागला.

पिपाण्या, थाळ्या, शिट्ट्या! लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. एकटे पद्माकरराव तसेच उभे होते, मला धरून. गालावरून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. त्यातलं थोडं माझ्या जाड दांड्यावर पडलं.

नंतर आभाचा फोन आला. नीराताईंनी तो पद्माकररावांच्या कानाला लावून धरला. मी अगदी जवळ होते, म्हणून मला ऐकू आलं. मागे केवढा तरी टाळ्यांचा आवाज होता.

"बाबा," ती जपून म्हणाली, "तुम्ही बघितलंत?"

"बघितलं."

"मग? पैसा फुकट गेला?"

"गेटसमोरचा खड्डा अजून तसाच आहे," पद्माकरराव म्हणाले. "उद्या मी महापालिकेत जाऊन सांगणार आहे, माझी मुलगी चंद्रावरचा खड्डा चुकवते, तुम्हाला इथला बुजवता येत नाही? तिथे पोहोचलो म्हणजे इथे पोहोचायला आता सबब उरली नाही कुणाला."

आभा हसली. मग म्हणाली, "पण बाबा, उतरलं तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

पद्माकररावांनी मला आणखी घट्ट धरलं. "काही नाही गं. तू उडवत होतीस ना. मी फिरकी पकडून उभा होतो."

मित्रांनो, आता मी माळ्यावर नसते. दिवाणखान्यात, आभाच्या फोटोशेजारी असते. येत्या संक्रांतीला टेरेस पुन्हा उघडणार आहे. पॅनलभोवती कठडा आहे आणि नयनाबेनच्या नोटिशीत लिहिलं आहे, "उतराण, पतंगवाली." म्हणजे चंद्रवालीशी घोटाळा नको.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. पतंग उडवून झाले की झाडांत अडकलेला दोरा काढून टाका, पाखरांचे पंख कापले जातात. माझ्यासारख्या म्हाताऱ्या फिरक्यांना अधूनमधून फुंकर मारा. आणि तुमच्या घरातलं कुणी वर काहीतरी सोडायला निघालं, तर त्यातून मेथीची जुडी येणार का ते सावकाश विचारा. आधी फिरकी पकडा.